पाणी उतरू लागलं की नांदूर मध्यमेश्वरला जा

प्रश्न असा आहे: जानेवारीतल्या एका रविवारी घरच्यांना घेऊन नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो. निरीक्षण मनोऱ्यावरून लांब पाण्यात काळे ठिपके दिसले, मार्गदर्शकाने सात-आठ नावं सांगितली, दुपारी परत आलो. थंडी सोडून इतर महिन्यांत तिथं जाण्यात काही अर्थ आहे का? असला तर कधी?

आधी त्या काळ्या ठिपक्यांचं सांगतो. ते बहुतेक वारकरी असणार. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा आणि दिंडीसारखा दाटीवाटीने सरकणारा थवा, म्हणून वारकरी. लांबून त्याला सगळे बदक समजतात, पण तो बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे. पुढच्या वेळी त्याच्या पायाकडे बघा. बदकासारखा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारख्या झालरी असतात. चोचही बदकासारखी चपटी नसून टोकदार असते. म्हणजे तुम्ही अगदीच रिकाम्या हाताने परतला नव्हता, फक्त त्या दिवशी पाणी तुमच्या बाजूचं नव्हतं.

सुरुवातीची पाच-सहा वर्षं मीही महिन्यांच्या हिशोबाने जायचो. डिसेंबर-जानेवारी म्हणजे हंगाम, बाकी वर्ष सुट्टी. एका डिसेंबरात लागोपाठ दोन रविवार गेलो आणि दोन्ही वेळा तुमच्यासारखेच ठिपके मोजून आलो. पाणी काठोकाठ होतं आणि पक्षी मध्यभागी. फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्याच कामाने निफाडला गेलो होतो, हाताशी दोन तास होते म्हणून वाट वाकडी केली. पाणी पार आत सरकलं होतं, काठाला ओला चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलावर पाय ठेवायला जागा नाही इतके पक्षी. तेव्हापासून घरून निघताना मी आधी पाण्याची चौकशी करतो, तारीख नंतर.

यामागचं कारण त्या जागेच्या घडणीत आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा घातला गेला. उद्देश पाणी अडवून कालव्यांत वळवणं हा होता, पक्ष्यांचा विचार कोणी केलेला नव्हता. पण दोन नद्यांनी शंभर वर्षं गाळ आणून टाकला. बंधाऱ्यामागे उथळ पाणी, मधोमध बेटं, काठाला पाणकणसाची बनं अशी रचना होत गेली. पाटबंधारेवाल्यांच्या लेखी गाळ म्हणजे तोटा, पक्ष्यांच्या लेखी तोच गाळ म्हणजे ताट. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, होण्याचा मानही हिलाच मिळाला. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतरची.

आता नेमकं काय बघायचं ते. प्रत्येक पाणपक्ष्याची स्वतःची खोली ठरलेली असते आणि ती त्याच्या पायावर, मानेवर नि चोचीवर लिहिलेली असते. टिलवा चिमणीएवढा, त्याला चिखलावर पाण्याचा नुसता पातळ थर लागतो. तुतवार त्याहून थोडी पुढे जाते. शेकाट्या वीतभर पाण्यात आरामात फिरतो. चमच्या आणि चित्रबलाक गुडघाभर पाण्यात उभे राहून चोच फिरवतात. चमच्या ती आडवी झाडू मारल्यासारखी, चित्रबलाक उघडी ठेवून चाचपत. चक्रांगसारखी छोटी बदकं शेपूट वर करून उलटी होतात. मान तळाला पोहोचली तर पोट भरलं. तलवार बदकाची मान लांब, त्याला थोडं खोल चालतं. थापट्या तर तळाच्या भानगडीत फारसा पडत नाही. फावड्यासारख्या चोचीने वरचं पाणी गाळत जातो, कधी पाच-दहा जण गोल फिरत एकमेकांनी ढवळलेलं पाणी गाळतात. आणि बुडी मारणारे पाणकावळे नि टिबुकल्या खोल पाण्यातही खूश.

म्हणजे बंधारा तुडुंब भरला की टिलव्यापासून शेकाट्यापर्यंत सगळ्यांचं जेवण बंद, ते आसपासच्या शेतांत, पाझर तलावांवर पांगतात. पाणी हातभर उतरलं की एकाच काठावर पाच-सहा पंगती एकामागे एक बसतात. तुम्ही काठावर उभे राहिलात तर चिखलापासून आत पाण्यापर्यंत नजर नेताना पक्ष्यांचे पाय लांब होत जाताना दिसतात. नवख्यांना पक्षी ओळखायला शिकवताना मी पुस्तक उघडत नाही, आधी हेच दाखवतो.

पाणी कधी उतरतं हे कळायला पक्षीमित्र असण्याची गरज नाही, स्थानिक बातम्या पुरतात. पावसाळ्यात ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग’ अशी बातमी रोज असते, तोवर थांबा. पावसाळ्यानंतर बातमी असते आवर्तनाची. कालव्यांना पाणी द्यायचं असलं की वरच्या धरणांतून पाणी सोडतात आणि बंधाऱ्यात पातळी चढवून धरतात. आवर्तन आटोपलं की पातळी उतरू लागते. त्यानंतरचा आठवडा सोन्याचा. चिखल नुकता उघडा पडलेला असतो, आतले किडे, अळ्या, गोगलगायी अजून ओल्यात असतात. पंधरा दिवसांनी तोच चिखल भेगाळतो आणि टिलवे पुढे सरकतात. तिथल्या मार्गदर्शकाचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि ‘पक्षी आहेत का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम ‘आहेत ना, या’ असंच येतं. ‘चिखल उघडा आहे का’ असं विचारा.

हे झालं पाण्याचं. महिन्यांना अर्थ नाही असं मात्र मी म्हणत नाही. कोण आलेलं असेल ते महिना ठरवतो, कुठे आणि किती जवळ दिसेल ते पाणी ठरवतं.

पक्षी बघणाऱ्याचं वर्ष माझ्या मते ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. आपण अजून छत्री घेऊन फिरत असतो आणि उत्तरेकडून पहिल्या तुतवारी आलेल्या असतात. त्यांची वीण फार लवकर आटोपते, म्हणून परतणंही लवकर. सप्टेंबरात पिवळे धोबी दिसू लागतात, आणि बदकांत बहुधा पहिला येतो भुवई बदक. पण इथे एक फसगत होते. या काळात आलेल्या बदकांचे नर माद्यांसारखेच तपकिरी असतात. वीण झाल्यावर ते भडक पिसं टाकतात आणि काही आठवडे साध्या पोशाखात काढतात. हाताशी पुस्तक घेऊन नराचं रंगीत चित्र शोधत बसलात तर एकही बदक ओळखता येणार नाही. मी एका ऑक्टोबरात अख्ख्या थव्याची नोंद ‘मादी, मादी, मादी’ अशी केली होती. ती वही अजून जपून ठेवली आहे, कोणी फार हुशारी दाखवायला लागलं की स्वतःलाच दाखवतो. या दिवसांत रंग सोडा, आकार धरा. थापट्याची चोच डोक्यापेक्षा मोठी वाटते. तलवार बदकाची मान बारीक आणि शेपूट निमुळती. चक्रांग लहानखुरा, उडाला की पंखावर हिरवी पट्टी चमकते. आणि हळदी-कुंकू बदक बाराही महिने इथलंच. चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके, त्याला चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यभर पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२. कार्यक्रम भरपूर, सोबत मिळते, पण पाणी बहुतेक वेळा अजून चढलेलं. ओळखी करून घ्यायला उत्तम आठवडा.

डिसेंबर-जानेवारी तुम्ही पाहिलेलाच आहे, त्यामुळे दोनच गोष्टी सांगतो. निफाडचा पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याची बातमी आली की सगळे पहाटे सहाला मनोऱ्यावर हजर होतात आणि धुकं बघून येतात. अशा दिवशी आठ-साडेआठच्या आधी मनोऱ्यावर काही मिळत नाही. तोपर्यंत पाणकणसाच्या कडेने कान लावून बसा; आत बोरू वटवट्याची कटकट चालू असते, जांभळ्या पाणकोंबड्या कण्हल्यासारखा आवाज काढत बाहेर येतात. दुसरी गोष्ट, सगळे पक्षी एकदम उडाले तर उडणाऱ्यांकडे बघू नका, आकाशात बघा. बहुतेक वेळा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख वर धरून बनावरून डुलत चाललेला दिसेल. त्याच्या येण्याने वारकरी एका जागी घट्ट गोळा होतात आणि बदकं उडतात. काठावरून न दिसणारी पाच-दहा बदकं अशा वेळी मोजता येतात. काही हिवाळ्यांत पट्टकादंब येतात. हिमालय ओलांडताना या हंसांनी सात हजार मीटरहून जास्त उंची गाठल्याचं उपग्रह टॅगवरून नोंदलं गेलं आहे. इथे मात्र ते काठच्या हिरव्या पिकात गाई चरतात तसे शांत चरत असतात.

जानेवारीतच आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून दरवर्षी. एकदा तरी कुठल्या तरी गटाबरोबर त्यात जा. पाच हजार पक्षी मोजायचे कसे, ही भीती तिथे जाते. डोळ्याने दहा मोजायचे, ते दहा थव्यात किती जागा व्यापतात ते लक्षात ठेवायचं, मग तसे दहा तुकडे म्हणजे शंभर, आणि पुढे शंभराचेच तुकडे टाकत जायचं. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा जुळवायचा. पहिल्यांदा माझा आकडा शेजारच्याच्या दुप्पट आला होता.

आणि आता माझा आवडता काळ, फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची अखेर. बहुतेक लोकांचा हंगाम तेव्हा संपलेला असतो, मनोऱ्यावर रांग नसते. आवर्तनांच्या मधल्या दिवसांत पाणी खाली असतं आणि पक्षी तयारीत असतात. बदकांचे नर आता पूर्ण पोशाखात. बदकांच्या जोड्या पुष्कळदा हिवाळ्याच्या मुक्कामीच जमतात, त्यामुळे नखरे इथेच बघायला मिळतात. भुवई बदकाचा नर डोकं मागे पाठीवर टेकवून लाकूड खरवडल्यासारखा आवाज काढतो. चार-पाच चक्रांग नर एका मादीभोवती शेपट्या उडवत फिरतात आणि ती निवांत खात असते. भुवई बदकं तर मार्चमध्ये दक्षिणेकडून परतताना पुन्हा थव्याने टेकतात. सकाळी शे-दोनशे असतात, दुसऱ्या सकाळी एकही नाही, रात्रीत उठून गेलेले.

याच दिवसांत काठावरच्या राखाडी चिखलपक्ष्यांवर रंग चढताना दिसतो. हिवाळाभर फिकट दिसणारा पाणटिवळा मान आणि छातीवर विटकरी व्हायला लागतो. आधी दोन-चार पिसं, मग डाग, मग अख्खी छाती. पिवळ्या धोब्याचं पोट झळाळतं, आणि डोकं कोणाचं राखी, कोणाचं काळं. वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या उपजाती हिवाळ्यात सारख्या दिसत होत्या, आता वेगळ्या काढता येतात. पुढच्या प्रवासाचं इंधन म्हणून सगळे अधाशासारखे खातात, म्हणून माणूस जवळ आलेलाही थोडा जास्त सहन करतात. याचा गैरफायदा घेऊ नका. फोटोसाठी थवा एकदा उडवला म्हणजे त्यांनी सकाळभर जमवलेल्या चरबीतली थोडी तुम्ही जाळलीत.

एप्रिल-मे म्हटलं की लोक हसतात. उन्हाळा खडतर आहे हे खरं. नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि कितीही महाग स्कोप (तिपाईवरची एकडोळी दुर्बीण) असला तरी पक्षी उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. पहाटे साडेपाच ते साडेआठ, बस. पण इथल्या रहिवाशांचं आयुष्य याच तीन तासांत उलगडतं. उघड्या पडलेल्या वाळू-गाळाच्या बेटांवर नदी सुरय आणि छोटा आर्ली घरटी करतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. टिटवी अंड्यांवर बसते ती अनेकदा ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मध्येच उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या अंगाने परत अंड्यांवर येते. नर-मादी पाळीपाळीने हे करतात. एका मे महिन्यात मी पाऊण तास हे बघत बसलो होतो आणि उठताना लक्षात आलं की माझ्या बुटापासून दोन हातांवर दुसऱ्या टिटवीची चार अंडी आहेत. मी वाट सोडून आत आलो होतो म्हणून ती इतका वेळ घरट्यापासून लांब, माझ्या मागे ओरडत होती. मला वाटत होतं ती उगाच कलकलाट करतेय. तेव्हापासून उन्हाळ्यात वाटेबाहेर पाय टाकत नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत असेल तर त्याचा अर्थ एकच, आल्या पावली मागे फिरा. बेटांना दुसराही धोका असतो: उन्हाळ्यातल्या आवर्तनाला पातळी चढली की खालच्या घरट्यांत पाणी शिरतं. सुरय मग वरच्या जागी पुन्हा मांडतात, वेळ उरला असेल तर.

जून लागला की मी दुर्बिणीइतकीच कानांवर भिस्त ठेवतो. पावशा ‘पेर्ते व्हा’ ओरडत असतोच, पहिल्या सरींबरोबर चातक येतो आणि त्याची ती उंच, घाईची शीळ लांबून ऐकू येते. नद्यांना पूर असेल तर बंधाऱ्याच्या अंगाला जाऊच नका, बघण्यासारखं काही नसतं आणि जाणं शहाणपणाचंही नसतं. त्याऐवजी आसपासची साचलेली शेतं, ओढे, डबकी फिरा. बाभळींवर सुगरणीचे नर अर्धवट घरटी विणून पंख फडफडवत असतात. मादीला आवडलं तरच पुढचं विणकाम. गायबगळे डोक्यापासून छातीपर्यंत केशरी झालेले. सांजवेळी ओल्या गवतात रंगीत पाणलावा, ज्यात मादी देखणी आणि नर फिक्या रंगाचा.

आणि कमळपक्षी. हिवाळ्यात तुम्ही तो पाहिला असेल तर तपकिरी-पांढरा, साधासा. जुलै-ऑगस्टमध्ये तोच पक्षी लांब काळी शेपटी, मानेमागे सोनेरी पट्टा आणि अंगावर चॉकलेटी झाक घेऊन उभा राहतो, पहिल्यांदा बघणाऱ्याला दुसराच पक्षी वाटतो. मादी चार अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर त्याचं घरटं असतं, आणि पाणी चढलं की तो अंडी चोचीने गळ्याशी दाबून मागे सरकत उंच जागी नेतो. मी हे एकदाच पाहिलंय, तेही एकच अंडं हलवताना. बाकीच्या तिघांचं काय झालं ते पाऊस आल्यामुळे कळलं नाही.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो तुम्ही विचारलेला नाही, पण बहुतेक जण विचारतात. नांदूरला तो आला तर पाहुणा म्हणून थोडा, त्याच्या मोठ्या थव्यांसाठी ठाण्याची खाडी किंवा भिगवण गाठा.

साधनांचं फार मनावर घेऊ नका. ८ बाय ४२ ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. १० पटीच्या दुर्बिणीत हात थरथरला की चित्रही थरथरतं. स्कोप चौघांत मिळून एक असावा. त्यापेक्षा सूर्याची बाजू महत्त्वाची. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. नाहीतर राजबिंडा चक्रवाकही तुम्हाला काळा ठिपकाच दिसेल, आणि तुमच्या त्या रविवारचं अर्धं अपयश मला तरी यातलं वाटतं. मध्यावरचा एखादा खांब किंवा खडक ठरवून घ्या आणि दर खेपेला पाणी त्याच्या कुठवर आहे ते पक्ष्यांच्या यादीच्या वर लिहा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकताना शेऱ्याच्या रकान्यातही ते घालता येतं. चार खेपा झाल्या की कुठल्या खुणेला कोण जवळ येतं ते तुमच्या वहीतच सापडेल.

वर्षात चारच फेऱ्या जमणार असतील तर: ऑक्टोबरचा शेवट, जानेवारीत गणनेचा दिवस, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आवर्तन संपल्यावर, आणि पाऊस स्थिरावल्यावर जुलै-ऑगस्टमधली एक सकाळ. एकच जमणार असेल तर मार्चची. पहाटे निघाल तेव्हा उसाच्या कडेने पायी एकटे जाऊ नका. त्या भागात बिबटे आहेत आणि त्यांची घरी परतायची वेळ तुमच्या पोहोचण्याच्या वेळेशी नेमकी जुळते.